चार वर्षांच्या नजरेतली रेल्वे

मंडळी, मी सुतारकाम करतो. आज धायरीच्या एका काकांकडे टेबल पोहोचवलं. नातीसाठी छोटी रेल्वे मांडायला त्यांनी ते करून घेतलं होतं, उंची फक्त दीड फूट. नात संध्याकाळीच बंगळूरहून येणार होती, म्हणून काकांनी लगेच त्यावर रूळ आणि बोगदा मांडला. माप चुकलं असेल, या धास्तीने मी विचारलं,

“काका, फार बुटकं झालं का हो?”

“उभ्याने काय बघताय? खाली बसा. चार वर्षांचे व्हा!”

बसलो, वाकून डोळे रुळांपाशी आणले. काकांनी बटण दाबलं. बोगद्यातून दिवा लावलेलं इंजिन थेट माझ्या अंगावर आलं! मी चक्क मागे सरकलो.

नात जमिनीवर बसल्यावर तिचे डोळे कुठे येतात, ते माप काकांनी मुलाकडून फोनवर मागवलं होतं.

तुमच्या लहानपणी कोणी असं तुमच्या उंचीवरून पाहिलं होतं का?