तुम्ही ग्राहक नाही, पार्टी

माझ्या धाकट्या जावेने शहाडला पिको-फॉलचं काम सुरू केलं आणि चार महिन्यांत तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त साड्या यायला लागल्या. मी डोंबिवलीत तेच काम सात वर्षं करत होते. मला ते सहनच होईना.

तिचं मशीन कल्याणच्या दुकानातलं. मी ठरवलं, आपण थेट होलसेलवाल्याकडून घ्यायचं, तिच्याहून मोठं. मानपाड्याच्या एका गाळ्यातून घेतलं. तो फक्त कारखान्यांना माल द्यायचा. "धंद्यासाठी ना?" त्याने विचारलं. मी मोठ्या ऐटीत हो म्हणाले, आणि त्याने बिलावर 'धंद्यासाठी' असं लिहिलं.

तिसऱ्या आठवड्यात मशीनचे टाके सुटायला लागले. एका नवरीच्या शालूची किनारच त्याने कुरतडली. मी बिल घेऊन धावत गेले.

"मॅडम, तुम्ही ग्राहक नाही, पार्टी आहात. धंद्याच्या मालाला तक्रार नसते," तो म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला.

नेमकं त्याच सुमारास जावेचंही मशीन बिघडलं होतं. दुकानदाराने आठ दिवसांत बदलून दिलं. सासूबाई ते कौतुकाने सांगत होत्या आणि मी कांदा चिरत होते, तेवढंच बरं.

मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. त्यानेच जावेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती दारात हजर.

"ताई, बिल दाखवा. मशीन तुम्ही स्वतःच चालवता ना?"

"मग कोण चालवणार?"

"मग तुम्ही ग्राहकच. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायदा धंदा धरत नाही. मी विचारून आलेय."

विचारून आलेय! माझ्यासाठी! त्या क्षणी मला तिचा जितका राग आला, तितका त्या होलसेलवाल्याचाही आला नव्हता. तक्रारअर्जही तिनेच लिहिला, तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. मी फक्त सही केली.

ठाण्याला ग्राहक आयोगात तारीख लागली. तिथे निवाडा करणाऱ्या बाईंनी विचारलं, "हाताखाली किती माणसं आहेत?"

"कोणी नाही. मी आणि मशीन."

होलसेलवाल्याचा माणूस बिल पुढे करत राहिला. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की बिलावरच्या एका शब्दाने काही ठरत नाही. पुढच्या तारखेपर्यंत होलसेलवाला थांबलाच नाही. नवं मशीन घरपोच पाठवलं आणि शालूचीही भरपाई दिली.

घरी सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, "धाकटीचं डोकं म्हणून झालं हो!" ते खरंच होतं, म्हणूनच जास्त लागलं. आभार मानायला दोनदा फोन उचलला आणि दोन्ही वेळा भाजीचं काहीतरी विचारून ठेवून दिला.

परवा तिने बारा साड्या पाठवल्या. तिच्याकडे काम फार झालंय म्हणे. मी सगळ्या करून दिल्या, आणि टाके मुद्दाम तिच्यापेक्षा बारीक घातले.