टाचणीचे हात

टाचणी,

आपल्या मंडळाच्या अंकात तुझ्यावर लिहायचं मी कबूल केलंय, आणि तुला विचारून केलंय, तेव्हा आता तोंड फिरवू नकोस. तुझ्या दोन्ही अटी पाळते. फोटो नाही, आणि 'झुंज' हा शब्द नाही. "झुंज कोंबड्यांची लावतात, बाई. मी नुसती गोळी गिळली," असं तू म्हणालीस. हे वाक्य मात्र मी वापरणार, कारण त्यावर तुझी अट नव्हती. पुढचं सगळं तुला ठाऊक आहे, तेव्हा तू आपली काजं करत बस. मी बाकीच्यांना सांगते.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकामाचं एक दुकान आहे. आत दोन माणसं असली की तिसऱ्याने पोट आत घेऊन उभं राहायचं. समोर कापायचं टेबल, मागे मशीन, कोपऱ्यात इस्त्री, आणि पडदा ओढला की तयार होणारी ट्रायलची खोली. दुकानाची मालकीण दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करते आणि त्या न काढताच बोलते, म्हणून अख्खी गल्ली तिला टाचणी म्हणते. बोलणंही नावाला साजेसं. एखाद्या गृहस्थांनी कुरकुर केली की, "पँट कमरेत आटली वाटतं," तर ही म्हणणार, "पँट तेवढीच आहे, काका. ती काही जेवत नाही."

तिची ख्याती आहे ती हाताने केलेल्या काजांची. बटणाचं घर मशीनवर पटकन होतं, पण चांगल्या कोटाला ते हातानेच लागतं. रेशमी दोऱ्याचा एकेक टाका दुसऱ्याला खेटून घालायचा, प्रत्येक टाक्याला इवलीशी गाठ. दुसरे शिंपीसुद्धा आपले कोट फक्त काजांसाठी तिच्याकडे पाठवतात.

माझी तिची नीट ओळख झाली ती माझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर. एक बाजू गेली, तसे माझे सगळे शर्ट एका अंगाने ओघळायला लागले. ते गाठोडं घेऊन मी तिच्याकडे गेले. तिने काही विचारलं नाही. टेप घेतली आणि दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली, जणू सगळ्याच बायकांची तशी घेतात. मग म्हणाली, "आतून एक कप्पा लावते. त्यात काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा. नाहीतर घराची किल्ली ठेवा, हरवणार तरी नाही." हॉस्पिटलमधून आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ते तिथे, त्या पडद्याआड. त्याचे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मानते.

मग पाळी तिच्यावर आली. तोच आजार, तेच ऑपरेशन, तीच किरणांची शेकाई, आणि शेवटी तीच गोळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आमच्या प्रकारच्या गाठी शरीरातल्या स्त्री-हार्मोनवर पोसतात. पाळी गेली तरी शरीर थोडंसं हार्मोन बनवतच राहतं. ही गोळी तेही बंद पाडते. रोज एक, वर्षानुवर्षं. गाठ परत येण्याची शक्यता त्याने खूप कमी होते, आणि त्याबद्दल मी त्या गोळीला रोज सकाळी नमस्कार करायचे. पण ती फुकट काम करत नाही. हाडं दुखतात, सांधे आखडतात, मध्येच कानशिलं तापून अंगातून वाफा निघतात, झोप उडते, आणि नवराबायकोच्या जवळिकीत कोरडेपणा येतो तो वेगळाच. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही दुकानाचा पडदा ओढून बोललो, आणि डॉक्टरांना विचारून उपायही केला. लाजून काय मिळणार होतं?

वाफांचं टाचणीने हसण्यावारी नेलं. इस्त्री करताना लाट आली की ती इस्त्रीवर डाफरायची, "तू तरी थांब गं जरा!" तिचा नवरा पूर्वी बस चालवायचा, आता घरी असतो. सज्जन माणूस, पण थंडी सोसत नाही. ही पंखा पूर्ण जोरात लावायची, आणि तो बिचारा स्वेटर घालून जेवायला बसायचा. "आमच्या घरात एकाच वेळी दोन ऋतू असतात, बाई," तो मला म्हणायचा. "माझ्या वाट्याला नेमका हिवाळा."

हातांचं मात्र तिला हसण्यावारी नेता येईना. सकाळी उठली की बोटं वळायचीच नाहीत. उजवा अंगठा वाकला की तसाच अडकायचा, मग दुसऱ्या हाताने टक् करून सरळ करायचा. सुई हातातून पडायची. कात्रीने कळ यायची. नेमकं तेव्हाच एका वाद्यवृंदाच्या कोटांचं काम आलं होतं, काळं कापड, सगळी काजं हाताची. काळ्यावर काळा दोरा, आणि हातात ही अशी बोटं. एकदा मी गेले तर ती स्वतःचंच काज उसवत बसली होती. बत्तीस दातांसारखे सरळ टाके घालणारी बाई! मी म्हटलं, "चांगलं तर दिसतंय." ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय. वाजवणाऱ्यालाही दिसेल. मला नाही दिसत."

त्यानंतर काही आठवड्यांत तिचे हात सुधारले. मी आपली खूश. म्हटलं, शरीर सरावलं गोळीला. एका संध्याकाळी जिन्यात तिचा नवरा भेटला, साध्या शर्टात, चेहरा उजळलेला.

"स्वेटर कुठे गेला?" मी विचारलं.

"सुटला एकदाचा! हल्ली ती स्वतःच पंखा कमी करते. अंगातली आग गेली बघा. कुणाची दृष्ट लागू नये."

तो आनंदात वर गेला आणि मी जिन्यातच उभी राहिले. हात बरे, वाफा बंद, दोन्ही एकदम? हे सरावणं नव्हे. मी तशीच खाली वळले. ती दुकान आवरत होती.

"गोळी घेतेस का गं?"

"घेते की."

"रोज?"

ओठांतल्या टाचण्या तिने एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. टाचण्या काढून बोलायची तिची ही पहिलीच वेळ असावी.

"आधी एक दिवसाआड घेत होते. मग... आठवेल तशी."

"आणि आठवत नाही."

"बाई, कपडा छातीत दाटला की आपण काय करतो? फेकून देतो का? शिवण उसवतो, जरा सैल सोडतो. अंगही राहतं, कपडाही राहतो. तसंच केलं मी. जरा सैल सोडलं."

"औषध म्हणजे काय कोटाची बाही आहे? डॉक्टरला विचारलंस?"

"त्या रागावतील."

"रागावू देत! गाठ परत आली तर ती काय सैल सोडणार आहे तुला?"

तेव्हा तिने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मरायचं मलाही नाही, बाई. पण हे हात गेले तर जगून करू काय? सोफ्यावर बसून ह्यांच्या स्वेटरची बटणं मोजू? मला दुसरं काही येत नाही, आणि यावं असं वाटतही नाही."

मी आयुष्यभर कॉलेजात बोलण्याचा पगार घेतला, पण त्या दिवशी व्याख्यान आवरतं घेतलं. मी एवढंच म्हटलं, "हे असंच्या असं डॉक्टरांना सांग. उद्या. मी येते बरोबर. आणि नाही आलीस तर तुझ्या नवऱ्याला सांगेन स्वेटर का सुटला ते." धमकीच होती. उपयोगी पडली.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलींच्या वयाची. टाचणीने मान खाली घालून सगळं सांगितलं, अगदी सैल सोडण्यासकट. ती रागावली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने टाचणीचे हात हातात घेतले, एकेक बोट वाकवून पाहिलं, अडकणारा अंगठा दाबून पाहिला, आणि विचारलं, "सुई कुठल्या बोटांनी धरता? दाखवा." रिकाम्या हातांनी टाचणीने हवेत एक काज केलं. डॉक्टरीणबाईने ते पूर्ण होऊ दिलं.

मग म्हणाली, "असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. पण न सांगता बंद केलं की मला वाटत राहतं, तुम्ही सुरक्षित आहात. आणि तुम्ही नसता." हाडांची तपासणी सांगितली, ड जीवनसत्त्व बघितलं. "आता काही दिवस गोळी बंदच, पण माझ्या सांगण्यावरून. मग त्याच कुळातली दुसरी देऊन बघू. कितीतरी जणींना एक सोसत नाही, दुसरी सोसते. तीही नाही सोसली तर वेगळ्या प्रकारचं औषध आहे. हात सोडायचे नाहीत आणि उपचारही सोडायचे नाहीत." सकाळी कोमट पाण्यात बोटांचा व्यायाम, रोज चालणं, आणि अंगठ्यासाठी हाडांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी.

बाहेर आल्यावर टाचणी बाकावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "रागावली असती तर बरं झालं असतं हो. भांडता तरी आलं असतं."

नवी गोळी तिला सोसली. सोसली म्हणजे चमत्कार झाला नाही, ते नीट लिहिते. सकाळी बोटं अजून आखडतात. पण आता ती सकाळी मापं घेते, ट्रायल देते, लोकांच्या कमरांवर टोमणे मारते, आणि दुपारी बोटं मोकळी झाली की काजं हातात घेते. पूर्वीपेक्षा कमी काम घेते, हे तिला झोंबतं. नवऱ्याने स्वेटर पुन्हा अंगावर चढवला आणि कुरकुर केली नाही. उलट आम्हा दोघींबरोबर चालायला येतो, दहा पावलं मागे राहून, गळ्याला मफलर गुंडाळून. माझ्या गोळीचा काळ संपला. मागच्या महिन्यात तिचाही संपला. दोघींच्या तपासण्या स्वच्छ आहेत. त्या पोरसवदा डॉक्टरणीचे, गोळी शोधणाऱ्यांचे आणि मफलरवाल्याचे मी मनापासून आभार मानते. बाकी कोणाचे मानायचे ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, टाचणी. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, पोहण्याने सांधे हलके राहतात. तू लगेच दोघींसाठी पोहण्याचे पोशाख शिवलेस, एका बाजूला आतून कप्पा, गळ्याशी हाताने केलेलं काज. पडद्याआड आपण ते घालून पाहिले आणि इतक्या हसलो की बाहेरचं गिऱ्हाईक निघून गेलं. मग आपण पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवायला गेलो. पाणी उपसून फरशा घासत होते. "पुढच्या आठवड्यात या," तो माणूस म्हणाला. पुढच्या आठवड्यात तुझे कोट होते, त्याच्या पुढच्या आठवड्यात मला सर्दी होती, मग तू लेकीकडे गेलीस. नाव अजून नोंदवलेलं नाही.