हळदीच्या खुणा

मुरुमच्या बाजारात प्रेमानंद टेलरांचं दुकान होतं. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्याची छाती नि कंबर प्रेमानंदांनी नजरेनं मापलेली असायची. फीत लावायची ती नुसती गिऱ्हाइकाच्या समाधानाला. त्यांची संघप्रिया मशीनशेजारी बसून हीच विद्या शिकली. "पप्पा, ह्यो छत्तीस," ती कुजबुजायची. "साडेछत्तीस. पोट आत घेतलंय त्यानं," पप्पा म्हणायचे.

पुढं ही पोरगी पुण्याला शिकायला म्हणून गेली आणि सिनेमाच्या कॅमेऱ्यामागं जाऊन उभी राहिली. उभी कसली राहते, पेट्या उचलल्या. बॅटऱ्या चार्ज केल्या, काचा पुसल्या, शॉट सुरू होताना क्लॅपची पाटी वाजवली. पोरीला पेटी झेपायची नाही म्हणणाऱ्या शहाण्यांच्या वाटच्या पेट्याही तिनंच वाहिल्या. अशी नऊ वर्षं गेली. तिचा जीव अडकला होता फोकसमध्ये. नट पुढंमागं सरकला की लेन्सवरची रिंग त्याच्या पावलाबरोबर फिरवायची, चेहरा क्षणभरही पुसट होऊ द्यायचा नाही. चुकलं तर सगळ्यांची मेहनत मातीत, बरोबर आलं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पप्पांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. "मंग आपल्यासारखंच की गं. चांगल्या शिवलेल्या सदऱ्यात शिंपी दिसत न्हाय. उसवला की दिसतो."

आणि मग एका सिनेमाचं काम नेमकं येरमाळ्याच्या शिवारात लागलं. फोकस सांभाळणारा माणूस तापानं लॉजवर पडला. छायालेखक शिवराज सर मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "आज रिंग तू धर. जमलं तर इथून पुढं तुझी. नाही तर परत पाटी."

शॉट होता मावळतीचा. सिनेमातली आई नांगरलेल्या रानातून कॅमेऱ्याकडं चालत येते, तीन ठिकाणी थांबते, मागं गावच्या बायका उभ्या. सूर्य एकदाच बुडतो, म्हणजे शॉटही एकच. संघप्रियानं दुपारीच फितीनं तिन्ही अंतरं मोजली, रिंगेवर खडूनं रेघा मारल्या. जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावायला गेली तर ती काळ्या ढेकळांना काही केल्या धरेना. बांधावर चुनखडीचे पांढरे खडे पडले होते. तिनं त्यातले तीन उचलून तीन जागी ठेवले आणि स्वतःवरच खूश झाली.

हीच खुशी नडली. येरमाळ्याच्या देवीच्या यात्रेत चुनखडीचे खडे देवीचे म्हणून वेचायची रीत आहे, आणि यात्रा नुकतीच झालेली. संघप्रियाचं घर बौद्ध, त्या घरातून यात्रेला कधी कुणी गेलंच नव्हतं. ही रीत तिनं ऐकली होती, पण ऐकलेलं वेळेला आठवत नाही. ती चहा घेऊन परतली तेव्हा रान कोरं करकरीत होतं. सूर्य झाडाच्या शेंड्याला टेकलेला.

"खडे कुणी उचलले?" सहायक दिग्दर्शक बायकांवर ओरडला.

गर्दीतून हरणाबाई पुढं आली. साठी ओलांडलेली, हनुवटीवर गोंदण, ओटी घट्ट धरलेली. "म्या उचलले दोन. देवीचे खडे पायाखाली पडल्याले, पाप न्हाय व्हय?"

"ओरडू नका त्यांना," संघप्रिया म्हणाली. "चूक माझी आहे." आवाज तिनं मऊच ठेवला. "मावशी, कुठनं उचलले ते ध्यानात हाय का?"

"न राहून काय करतंय? एकेका खड्याला वाकताना गुडघ्यानं जीव घेतलाय!" हरणाबाई तरातरा रानात गेली. खडे मात्र ती परत देईना. ओटीतलं देवीचं परत जमिनीवर कसं ठेवायचं? तिनं कमरेची पिशवी सोडली आणि दोन ठिकाणी चिमूट चिमूट हळद टाकली. काळ्या मातीवर पिवळं लखलखीत दिसलं.

"आन् तिसरा?"

"त्यो म्या न्हाय उचलला, बाय."

तिसरा कुणी उचलला हे विचारायला किंवा फीत लावून पुन्हा मोजायला वेळ नव्हता. आणि तीच थांबायची जागा कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी. तिथं वीतभर फरक पडला तरी डोळे पुसट.

शॉट सुरू झाला. पहिली हळद, रिंग पहिल्या रेघेवर. दुसरी हळद, दुसरी रेघ. मग नटी आणखी पुढं आली आणि अंदाजानं थांबली, ठरल्या जागेच्या अलीकडं. संघप्रियानं रिंगेवरची नजर काढली, रेघ सोडून दिली आणि नुसतं तिच्याकडं पाहिलं, पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाकडं पाहावं तसं. हातानं आपोआप जागा घेतली.

मॉनिटरवर नटीच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. शिवराज सरांनी तो तुकडा दोनदा पाहिला. "उद्यापासून रिंग तुझ्याकडं," ते म्हणाले आणि चहा मागवला. संघप्रियाला रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

हरणाबाईही मॉनिटरपाशी येऊन वाकली. "आमी कुठं हाव ह्यात?"

मागं काही धुरकट ठिपके होते. त्यातला एक हरणाबाई. नटी स्पष्ट दिसावी म्हणून बाकीच्यांना पुसट करायचं, हेच तर काम. पण आज संघप्रियाला ते सांगवेना.

"सर, एक मिनिट कॅमेरा चालू ठेवू?"

सरांनी मान हलवली. उजेड अजून तांबूस होता. तिनं हरणाबाईला दुसऱ्या हळदीवर उभं केलं आणि रिंग फिरवली. ठिपक्याला कपाळ आलं, गोंदण आलं, गालावरच्या सुरकुत्या एकेक करून उमटल्या. मग तिनं तो तुकडा मॉनिटरवर लावला.

हरणाबाई कितीतरी वेळ बघत राहिली. तिनं बोट पुढं केलं, काचेला न लावताच मागं घेतलं.

"अगं," ती हळूच म्हणाली, "ही तर माजी आई हाय. जाताना अशीच दिसायची."

संघप्रियानं तिला खुर्ची ओढून दिली, आणि तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.