पहिला तुकडा

भाकरीची कड करपल्याचा वास आला की मला बारावीच्या सुट्टीतली एक दुपार आठवते. आमच्या सिरसाळ्याकडच्या घराचे पत्रे तापले होते, आत आई भाकरी करत होती आणि मी दारात बसून मोबाईलवर गेम खेळत होते. जंगलात एकट्या पडलेल्या माणसाला शिकार करून, भाजून खाऊ घालून जगवायचं, असा तो गेम. तो मेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझा माणूस चाळीस दिवस जगला होता, पण आता भुकेनं टेकीला आला होता. शेकोटीवर मांसाचा शेवटचा तुकडा भाजत होता आणि शेजारी त्याचं पाळलेलं कुत्रं बसलं होतं. तेवढ्यात शेळ्या बांधून आबा, म्हणजे माझे वडील, जेवायला शेजारी टेकले आणि मोबाईलमध्ये डोकावले. "ते कुत्रं कवाचं बघायलंय. त्याला न्हाई का?" मी म्हटलं, "आबा, ते गेममधलं हाय. त्याला कुठं भूक लागती?" "मंग तुझा माणूस कुठला हाय?" चिडूनच मी तुकडा कुत्र्यापुढं टाकला, आणि दुसरी शिकार मिळायच्या आत माझा माणूस कोसळला. मी रडवेली झाले. आबांनी भाकरीचा पहिला तुकडा मोडून उंबऱ्याशी बसलेल्या आमच्या कुत्र्याला टाकला आणि मग स्वतः घास घेत म्हणाले, "मेला, पर कुत्र्याला दावून दावून खाल्लं न्हाई त्यानं." मी रागानं गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. आता पुण्यात चौथ्या मजल्यावर एकटी राहते, आणि भाकरी मोडली की पहिला तुकडा हातात धरून अजून खाली उंबऱ्याकडं बघते.