बांधापलीकडचा संशय

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात नव्हता, आणि असता तर काकांनी आधी त्याच्यावरच संशय घेतला असता. त्यांच्या गावात, डिंगोऱ्यात, घराघरांवर टीव्हीच्या छत्र्या उगवल्या, तेव्हा त्या आपल्याच गोठ्याकडे तोंड करून का बसवल्या, याची ते दारोदार चौकशी करत हिंडले. भीमाशंकरचा प्रसाद कुणी आणून दिला, तर पहिला घास आणणाऱ्याला खायला लावत. शेजारच्या शेतातला धाकटा भाऊ बांध रेटतो, या संशयावरून त्याच्याशी बोलणंच टाकलेलं. मी शेतकी कॉलेजात शिकवणारा जावई, म्हणजे मुळातच संशयित. द्राक्षाचे घड संप्रेरकाच्या पाण्यात बुडवून मणी फुगवतात, हे पाहून आल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "पावणं, झाडाला फुगिवत्यात ते कशापायी?" मी सांगितलं, झाडात वाढीचे निरोप पोचवणारी द्रव्यं असतात; ती अति झाली की झाड नुसतं माजतं आणि रोगाशी झुंजायला कमी पडतं. तेवढंच शास्त्र त्यांना पटलं. "माणसाचंबी तसंच हाय," म्हणाले आणि त्यांनी बांधापलीकडे पाहिलं.

एका हिवाळ्यात त्यांच्या टोमॅटोची पानं दोरीसारखी पिळली, शेंडे वेडेवाकडे वळले. "त्यानंच कायतरी मारलंय!" म्हणत काका पोलीसपाटलाकडे निघाले. मी आडवा आलो. "काका, गव्हातलं तण मारायला कुठला पंप वापरला?"

"ह्यो."

"आणि टोमॅटोला?"

"ह्योच की. इसळला व्हता... बहुतेक."

मग सांगावंच लागलं. ते तणनाशक म्हणजे झाडाच्या वाढीच्या द्रव्याचीच नक्कल. गव्हाला त्याचं काही होत नाही. रुंद पानांचं झाड मात्र सैरावैरा वाढतं आणि त्यातच मरतं. पंपात थोडं उरलं तरी टोमॅटोला पुरतं.

"म्हंजी वाढवून मारत्यात?" काकांनी पंप पायानं लांब सरकवला. "लई वंगाळ."

संध्याकाळी ते धाकट्याच्या ओसरीवर गेले. मागोमाग मी. "टमाटी गेली," एवढंच म्हणाले.

धाकटे काका खाली बघत म्हणाले, "दादा, मी बगितलं व्हतं. टमाटीत शिरलास तवा गव्हाचाच पंप तुझ्या पाठीला व्हता. लई हाका मारल्या. तू वळलाच न्हाईस."

थोरले ओसरीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "च्या टाकायला सांग." दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ती रोपं उपटली.

धाकटे काका जाऊन आता काही वर्षं झाली. थोरल्यांचा जगावरचा संशय तसाच आहे, माझ्यावरचाही. पण त्या शेतात खुरपताना ते मधूनच थांबतात, जरा कान देतात, आणि पुन्हा वाकतात.