परत म्हणा

इस्त्री तापली होती, यांच्या शर्टाची एक बाही झाली होती, तेवढ्यात हे दारात उभे. काल भर दुपारी. बावीस वर्षांत हे कधी दुपारी घरी आले नाहीत.

यांची नोकरी समन्वय कक्षात. समुद्रावर काही संशयास्पद दिसलं की नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क आणि बंदर पोलीस, सगळ्यांना एका वेळी हलवायचं. चार सासवांची एक सून, असं हे स्वतःला म्हणतात. निरोप दिला-घेतला की तो परत म्हणायला लावायचा, हा यांचा नेम. घरातही तेच. "साबण आणि वाती. परत म्हण." लेक चिडवते, "बाबा, देवसुद्धा नवस परत म्हणून घेत नाही हो."

काल सराव होता. प्रत्येक निरोपाआधी 'सराव' म्हणायचं, हा नियम यांनीच घातलेला. सरावाची बोट अकराला यायची होती. साडेदहालाच दीपगृहाच्या रखवालदाराला एक बिननंबरी बोट तेलाच्या धक्क्याकडे येताना दिसली. त्याने सीमाशुल्काच्या बाईंना कळवलं. तो 'सराव' म्हणाला नव्हता. सकाळपासून जिभेवर बसलेला शब्द यांना कळवताना बाईंनीच पुढे लावला, आणि यांनी निरोप तसाच चौघांना वाटला. बोट लवकर आली म्हणून सगळे हसले, चहा प्यायले.

अकराला सरावाची बोट आली, तेव्हा यांना कळलं, पहिली बोट सरावाची नव्हतीच. चार फोन केले, चौघांकडून परत म्हणून घेतलं. पहिली बोट धक्क्यापासून दोर फेकता येईल इतक्या अंतरावर पकडली. जाळ्यांखाली स्फोटकं. धक्क्यावर साठ माणसं कामाला होती.

मी पाणी दिलं. यांनी पेला तसाच खाली ठेवला.

"तुम्ही परत म्हणून घेतलं नाहीत?"

"सराव आहे, म्हटलं. कशाला उगाच."

हे देवापुढे बसले. हात जोडले. साठ माणसं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "साहेब, जबाबात माझंच नाव लिहा. तुमच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"बाई, तुम्ही शब्द लावलात, मी तो न तपासता गिळला. चूक माझी. परत म्हणा."

परत न म्हणताच बाईंनी फोन ठेवला.

आज सकाळी यांनी जबाब लिहून मला वाचून दाखवला आणि सवयीने माझ्याकडे बघत राहिले. मी परत म्हटलं, "चूक माझी." मग शर्टाची दुसरी बाही केली.

दहा वाजता यांना तो जबाब चौकशी समितीच्या कार्यालयात द्यायचा आहे.