ऐकणारे : एक

बातमी आली तेव्हा मी पिस्कॅटवेच्या इंडियन ग्रोसरीत कढीपत्त्याची पाकिटं उलटसुलट करून बघत होते. अमोघच्या रूममेटचा फोन होता. "शलाकाताई, तुम्ही ड्राइव्ह करताय का आत्ता?" असं त्यानं विचारलं. हा प्रश्न लोक कधी विचारतात ते इथं इतकी वर्षं काढल्यावर कळतं. मी म्हटलं, नाही, बोल. मग तो बोलला... अमोघ सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून उतरला आणि दारापर्यंत पोचलाच नाही. हार्ट. छत्तीसाव्या वर्षी. मी "बरं, बरं" म्हणत राहिले, कढीपत्त्याचे पैसे दिले आणि घरी जाऊन तो निवडायला बसले. निम्मा निवडून झाल्यावर रडायला आलं. आज या गोष्टीला सात आठवडे झाले. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या असं या रविवारच्या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण मला चांगल्या शब्दांपेक्षा वेगळं काहीतरी लिहायचं होतं. ते शेवटी येईल.

आमची ओळख आर्ट स्कूलमधली. अमेरिकेत मराठी माणूस आर्ट स्कूलला जातो म्हटलं की आपल्या लोकांच्या चेहऱ्यावर सुतकी भाव येतात. मला ते फारसे सोसावे लागले नाहीत, कारण नवऱ्याची आयटीतली नोकरी होती आणि बायको "काहीतरी वेब डिझाइनचं करते" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं. अमोघचं तसं नव्हतं. तो नागपूरहून इलेक्ट्रिकलचं एमएस करायला आला होता, चांगल्या मोठ्या विद्यापीठात, आणि तिसऱ्या सेमिस्टरला ते सोडून आमच्या ध्वनिकलेच्या वर्गात येऊन बसला. आई तो बारावीत असतानाच गेली होती. घरी एकटे बाबा, पाणीपुरवठा खात्यात इंजिनीअर. फोनवर त्यानं त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, वीसेक मिनिटं बोलला. ते शेवटी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर बापलेकांत बोलणं असं झालंच नाही. दिवाळीला एक फॉरवर्ड केलेली पणती यायची, तो उलट दुसरी पणती पाठवायचा. बाबांच्या त्या "बरं"ची नक्कल तो इतकी हुबेहूब करायचा की आम्ही हसून लोळायचो. वर्गातल्या ज्यांना मराठीचा गंध नव्हता, तेही हसायचे.

आमच्या वर्गात आम्ही पाच जणांनी मिळून एक इंटरनेट रेडिओ काढला होता. प्रत्येकानं आपापल्या खोलीच्या खिडकीत मायक्रोफोन ठेवायचा, रविवारी सकाळी नऊ वाजता एकाच वेळी सुरू करायचा, आणि वेबसाइटवर पाच खिडक्या दिसायच्या. ऐकणाऱ्यानं हवी ती खिडकी उघडायची, नको ती बंद करायची. एकीतून कुत्रा भुंकायचा, दुसरीतून बसचे ब्रेक, तिसरीत कोणीतरी पियानो शिकत असे, फार वाईट. अमोघच्या खिडकीत तो स्वतः मराठीत बोलायचा. समोर दिसतंय ते सांगायचा... "आता एक काकू आल्या, त्यांच्याकडे तीन पिशव्या आहेत, एक त्यांनी बर्फात ठेवली." माझ्याशिवाय कोणाला कळत नसे आणि तरी सगळ्यांत जास्त उघडली जायची ती त्याची खिडकी. आमच्या बाई, पांढऱ्या केसांच्या, कडक, म्हणायच्या की जे पुन्हा ऐकता येतं ते लोक नीट ऐकत नाहीत. अमोघनं ते वाक्य फारच मनावर घेतलं आणि आमच्या रेडिओचा एकमेव नियम झाला. रेकॉर्डिंग नाही. जे गेलं ते गेलं. वेबसाइटचं सगळं काम माझ्याकडे होतं, तेव्हा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत पोचला की मागचा पुसून टाकायचा, ही सोयही मीच करून दिली. दोन दिवसांत केली आणि स्वतःवर खूश होते. वार्षिक प्रदर्शनाला बाहेरचे परीक्षक कॉफी घेत दहा मिनिटं उशिरा आले, तोवर आमचा कार्यक्रम आटोपला होता. पुन्हा लावा म्हणाले. अमोघ म्हणाला, "सॉरी, इट इज ओव्हर." आम्हाला वर्गातले सगळ्यांत कमी मार्क मिळाले आणि त्या दिवशी त्याच्याइतका आनंदी माणूस मी पाहिला नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. शिक्षण संपलं, पाचातले तिघे आपापल्या गावी गेले. व्हिसासाठी नोकरी हवी म्हणून अमोघ एका विमा कंपनीची वेबपेजेस करू लागला आणि वेस्ट विंडसरला, स्टेशनजवळच्या अपार्टमेंटमध्ये एक खोली घेऊन राहिला. नोकरीबद्दल तो कधी तक्रार करत नसे आणि चांगलंही बोलत नसे. रेडिओ मात्र त्यानं सोडला नाही. पाच खिडक्यांची एक झाली. दर रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ, मराठीत, एकटा, सात वर्षं. सर्व्हर मी चालू ठेवला होता. त्याला कार्यक्रम चालवायचं जे पान मी करून दिलं होतं, त्यावर कोपऱ्यात एक आकडा दिसे... ऐकणारे किती. तो आकडा बहुतेक रविवारी एक असायचा.

पहिल्यांदा त्यानं विचारलं, "ते तू आहेस ना यार?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर मी नव्हते. रविवारी नऊला मी मुलाला मराठी शाळेत सोडायला गाडी चालवत असायची, मागच्या सीटवरून "आई, व्हाय डू आय हॅव टू गो" चाललेलं असायचं. माझी खात्री होती की तो एक म्हणजे अमोघच. त्याचाच लॅपटॉप मोजला जात असणार, माझ्या घाईत लिहिलेल्या कोडमधली चूक. ती चूक तपासायची तर त्याला सांगावं लागलं असतं की बाबा रे, तुला कोणीही ऐकत नाही. ते कोण सांगणार? म्हणून मी हो म्हटलं. मग दर रविवारी दुपारी त्याचा मेसेज यायचा, "ऐकलंस?" मी अंगठा पाठवायची. कधी तो म्हणायचा, आज जरा जास्तच बोललो ना. मी म्हणायची, छे रे, छान होतं. सात वर्षं. मला वाटायचं की मी मैत्री निभावतेय.

तो गेल्यावर त्याचे बाबा आले. तातडीचा व्हिसा मिळायलाही दिवस गेले, तोवर आम्ही चार जणांनी इथं सगळं उरकलं होतं. खोली रिकामी करायला त्यांना मदत हवी होती म्हणून मी शनिवारी वेस्ट विंडसरला गेले. माझ्या डोक्यात "बरं" म्हणून फोन ठेवणारा एक राकट माणूस होता. दार उघडलं ते इस्त्रीचा शर्ट खोचलेल्या एका बारीक गृहस्थांनी. खोलीत अमोघचे कपडे त्यांनी घड्या घालून भिंतीशी लावले होते, वायरी गुंडाळून प्रत्येकीला दोरा बांधला होता. मायक्रोफोन टेबलावर होता तिथेच होता, त्याला हात लावलेला नव्हता. मला खुर्ची दिली आणि ते पलंगाच्या कडेवर बसले. चहा त्यांनीच केला. म्हणाले, "अमोघ आणि तुम्ही दोघं मिळून ते चालवायचे ना? रविवारचं?"

मी म्हटलं, हो काका, तुम्हाला त्यानं सांगितलं होतं?

"सुरुवातीला एकदा लिंक पाठवली होती ईमेलवर. मी उत्तर दिलं नाही. ऐकत होतो मात्र. दर रविवारी. त्यातलं एखादं पुन्हा ऐकता येईल का? कोणतंही चालेल."

मी कप खाली ठेवला. एक. तो एक नागपूरला बसला होता, आणि मी इथं सात वर्षं अंगठे पाठवत होते. मी त्यांना सांगितलं की काही शिल्लक नाही, आमचा नियमच तसा होता, पुसायची सोय मीच केली होती. ते इंजिनीअर होते, त्यांना पटकन समजलं. "बॅकअप?" असं एकदाच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. फोनमध्ये काही आहे का म्हणून आम्ही दोघांनी बघितलं. वाढदिवसाच्या एका व्हिडिओत तो होता, पण सगळे गात होते आणि त्याचं तोंड केकनं भरलेलं होतं.

मग ते आपणहून बोलू लागले. "माझ्याबद्दल बोलायचा कधीकधी. चांगलं नाही बोलायचा. एकदा म्हणाला, आमच्या बाबांनी आयुष्यात कोणाचं अर्धा तास ऐकून घेतलेलं नाही. तो बोलून राहिला होता, मी ऐकून राहिलो होतो. घड्याळ पाहिलं तर पंचवीस मिनिटं झाली होती." मी विचारलं, काका, तुम्ही फोन का नाही केला? एवढा एक फोन? ते म्हणाले, "केला असता तर त्यानं ते बंद केलं असतं. मग माझ्याजवळ काय राहिलं असतं? फोनवर आम्ही दोघं काय बोलणार होतो, पणतीच्या पुढे?" आणि मग, मायक्रोफोनकडे बघत, "त्याला ठाऊक होतं का? की मी आहे म्हणून?"

हो म्हणावं, तर ते सगळं कडू बोलणं त्यानं बापाला तोंडावर ऐकवलं असं ठरलं असतं. नाही म्हणावं, तर... पण मी खोटं बोलून दमले होते. मी म्हटलं, नाही काका. त्याला वाटायचं मी ऐकते. मीच तसं सांगितलं होतं. आणि मी ऐकतही नव्हते. त्यांना माझा राग यायला हवा होता. मी त्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "बरं झालं. ठाऊक असतं तर तो जपून बोलला असता." आणि माझा कप उचलून धुवायला घेऊन गेले.

दुपारभर आम्ही खोकी भरली. पुस्तकं लायब्ररीला, कपडे देऊन टाकायला, वायरी त्यांनी स्वतःच्या बॅगेत ठेवल्या, कशासाठी ते मी विचारलं नाही. निघताना मला सोडायला पार्किंगपर्यंत आले. उन्हात उभं राहून, जणू काही गमतीचं आठवलं म्हणून, म्हणाले, "तुमच्याकडे उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं तासभर मागेपुढे करतात, ते मला माहीत नव्हतं. तुमचे सकाळचे नऊ म्हणून संध्याकाळी साडेसहाला लावून बसायचो मी. नोव्हेंबरात एका रविवारी लागलंच नाही. वाटलं, बंद केलं यानं. उठवेना. पूर्ण एक तास तसाच बसलो होतो पानासमोर, मग साडेसातला लागलं." मी हसले. गाडीत बसले, हात केला, आणि पुढच्या सिग्नलला गाडी बाजूला घेऊन थांबले, कारण मला तो रविवार आठवला होता. तो मी त्यांना सांगितला नाही. परत जाऊन सांगता आला असता, मी गेले नाही. आठवड्याभरात ते नागपूरला परतले.

ते ही पुरवणी वाचतात. अमोघनंच एकदा सांगितलं होतं, बाबा रविवारची पुरवणी जाहिरातींसकट वाचतात म्हणून. तेव्हा काका, हे तुमच्यासाठी आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. त्या नोव्हेंबरच्या रविवारी दुपारी अमोघनं मेसेज केला नाही, फोन केला. आवाज वेगळाच होता. म्हणाला, "शलाका, ऐक ना. आज आठ वाजता सेटअप करायला पान उघडलं, तर तो एक आधीच तिथं होता. तासभर आधी. इथल्या माणसाला घड्याळ बदललेलं माहीत असतं ना यार. इंडियातलं कोणीतरी आहे. लॉग बघतेस का? बाबा तर नसतील?" लॉग म्हणजे सर्व्हरवरची नोंद, ती बघायला मला एक मिनिट लागलं असतं, त्यात ऐकणाऱ्याच्या शहराचं नाव असतं. मी पोळ्या करत होते. मी हसले आणि म्हटलं, "अरे, मीच ती. शाळेच्या गडबडीत लवकर लावून ठेवलं होतं." तो मग तुमच्यासारखंच "बरं" म्हणाला. त्या दिवशी तो नक्कल करत नव्हता.